सरळ टाक्याची गोधडी

महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास सांगायला बसले की बोलणाऱ्याची जीभ आपोआप दौलताबादच्या किल्ल्याकडे वळते. बहमनी झाले, निजामशाही झाली, आदिलशाही झाली, मलिक अंबर झाला, की इतिहास संपला. या सुलतानांच्या महालात कोणत्या गालिच्यावर बैठक होती, जनान्यात कोणते रेशीम होते, हे तवारिखांतून कळते. पण त्याच काळात किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी आमची पणजीची पणजी थंडीत काय पांघरत होती, हे कुठल्याच मुन्शीने लिहून ठेवलेले नाही. आम्ही सुलतानांचे वंशज नाही. आम्ही विणकर, पिंजारी, रंगारी, आतार, तांबोळी, बागवान, मुलाणी यांची लेकरे. तेव्हा आमचा इतिहास शोधायचा तर तख्ताकडे पाहून भागत नाही, अंथरुणा-पांघरुणाकडे पाहावे लागते.

आता अडचण अशी की गोधडी संग्रहालयात सापडत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालच्या सातगावकडे पोर्तुगिजांसाठी भरलेल्या दुलया लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही आहेत. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाने शिकारीची दृश्ये, जहाजे, बायबलातल्या कथा भरलेल्या. त्या वापरायच्या नव्हत्या, मिरवायच्या होत्या, म्हणून टिकल्या. आमची गोधडी वापरून विरते. विरली की ती फेकत नाहीत. नव्या गोधडीच्या पोटात अस्तर म्हणून घालतात. ती विरली की ती आणखी पुढच्या गोधडीच्या पोटात जाते. एखादी जुनी गोधडी उसवून पाहा. वरचा थर आईच्या पातळाचा, त्याखाली आजीचे लुगडे, त्याखाली आजोबांचे धोतर, आणि अगदी आत नुसते तंतू. किल्ल्याचा इतिहास दगडावर कोरलेला असतो. आमचा पोटात घातलेला आहे.

हे सगळे लिहायचे निमित्त घरगुतीच आहे. आमच्या भाचीने लग्नानंतर पुण्यात कोंढव्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तिच्या घरी गोधडी द्यायचे ठरले आणि ती कोणत्या नमुन्याची करायची यावर घरातल्या बायकांचे एकमत होईना. प्रश्न तसा साधा. पण जो तो आपापला नमुना सांगू लागला तेव्हा लक्षात आले की प्रत्येकीच्या नमुन्यामागे आपण कोण, याचे वेगळे उत्तर दडलेले आहे. त्या उत्तरांकडे जाण्याआधी थोडे मागे जाऊ.

पांघरुणाला आमच्या परंपरेत फार जुने स्थान आहे. हिरा पर्वतावरच्या गुहेत पहिली वह्य उतरली, तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) थरथरत घरी आले आणि आपल्याला पांघरूण घाला असे त्यांनी बीबी खदीजांना सांगितले. बीबींनी त्यांच्यावर पांघरूण घातले, धीर दिला. कुरआनातल्या दोन सूरांची नावेच पांघरूण लपेटून घेतलेल्यावरून पडली आहेत, मुज्जम्मिल आणि मुद्दस्सिर. इस्लामच्या पहिल्या रात्री एका स्त्रीच्या हातात पांघरूण होते ही गोष्ट आमच्या वाझमध्ये ओझरती येते, तिच्यावर कोणी थांबत नाही. पैगंबर घरात काय करत, असे विचारले असता बीबी आयेशांनी सांगितले की ते आपले कपडे आपणच शिवत, चपला दुरुस्त करत. खलिफा हजरत उमर यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या कथा तर सर्वांना पाठ आहेत. म्हणजे ठिगळ ही आपल्याकडे लाजेची वस्तू नव्हती.

पुढे सूफींनी या ठिगळाची रीत केली. ठिगळांच्या झग्याला ते मुरक्का म्हणत. लाहोरला ज्यांची दर्गा आहे त्या अली हुजविरी यांनी, म्हणजे दाता गंजबख्श यांनी, अकराव्या शतकात ‘कश्फुल महजूब’ हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात एक अख्खे प्रकरण या ठिगळांच्या झग्यावर आहे. आणि त्यात चक्क टाक्यांवर चर्चा आहे! हुजविरी सांगतात की सूफींत दोन पक्ष आहेत. एकाचे म्हणणे, ठिगळ लावताना नीटनेटकेपणाचा विचारच करू नये, सुई जिथून निघेल तिथून काढावी. दुसऱ्याचे म्हणणे, टाके सरळ आणि सारखे असावेत, त्यासाठी कष्ट घ्यावेत, कारण हाताची शिस्त मनाच्या शिस्तीतून येते. आमच्या घरात भाचीच्या गोधडीवरून जो वाद झाला तो साडेनऊशे वर्षांपूर्वी खानकाहमध्ये होऊन गेलेला आहे.

हुजविरींनी आणखी एक प्रसंग दिला आहे. तूस इथे त्यांनी शेख अबुल कासिम गुरगानी यांना विचारले की फकिरी अंगी शोभायला दरवेशाला कमीत कमी काय यायला हवे. शेखांनी तीन गोष्टी सांगितल्या : ठिगळ नीट लावता यावे, बोललेले नीट ऐकता यावे आणि जमिनीवर पाऊल नीट टाकता यावे. नंतर बाकीचे दरवेश या उत्तराचा कीस काढत बसले. हुजविरींनी आपला अर्थ सांगितला तो असा : गरजेसाठी लावलेले ठिगळ वाकडे बसले तरी नीटच असते, देखाव्यासाठी लावलेले मात्र नीट म्हणता येत नाही. त्या काळातही दाखवण्यासाठी ठिगळे लावून फिरणारे ढोंगी होते आणि हुजविरी त्यांच्यावर चांगलेच घसरले आहेत. आज शहरांतल्या प्रदर्शनांत नव्या कोऱ्या कापडाच्या चिंध्या करून, त्या पुन्हा जोडून, हजारो रुपयांना ‘पारंपरिक गोधडी’ विकतात. ते पाहिले असते तर त्यांनी आणखी एक प्रकरण लिहिले असते.

आपल्या भूमीत ही रीत आणखी जुन्या रीतीला येऊन मिळाली. बौद्ध भिक्खूंचे चीवर तुकडे जोडूनच करत. मगधातली बांध घातलेली भाताची खाचरे पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तशाच चौकटींचे चीवर करायला सांगितले, असे विनयपिटकात आहे. शेत आणि बांध, तुकडा आणि शिवण. नाथपंथी जोग्यांची कंथा, फकिराची गुदडी, शेतकऱ्याची वाकळ यांत फार अंतर नाही. शब्दही असेच एकमेकांत मिसळलेले. लिहाफ अरबी, तोशक फारसीतून आलेला, गोधडी आणि वाकळ इथल्या मातीतले. आमच्या घरात चारही शब्द नांदतात. पासोडी हा आणखी एक जुना शब्द, जाड्याभरड्या दुपदरी पांघरुणाचा. सोळाव्या शतकात आंबेजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ अशाच एका लांबलचक पासोडीवर लिहिले आणि ती आंबेजोगाईत जपून ठेवलेली आहे. दासोपंतांचे वडील बिदरच्या बरीदशाहीत चाकरीला होते. मराठीतला हा मोठा ग्रंथ पांघरायच्या कापडावर लिहिला गेला, तो मुसलमान सुलतानाच्या चाकरीतल्या माणसाच्या मुलाने. पुण्यात पासोड्या विठोबा आहे. त्याच्या देवळापाशी पासोड्यांचा बाजार भरे म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

कापडाच्या इतिहासात आमच्या दख्खनला आणखी एक मान आहे, जरा कडवट असला तरी. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीकरांना दौलताबादला हलवले, त्यात इसामी नावाचा कोवळ्या वयाचा मुलगा होता. त्याचे म्हातारे आजोबा वाटेतच गेले. हाच इसामी पुढे पहिल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने कवी झाला आणि १३५० साली त्याने ‘फुतूहुस्सलातीन’ हे काव्य पुरे केले. त्यात रझिया सुलतानावर टीका करताना तो म्हणतो की बाईने राज्य करण्यापेक्षा चरख्यापाशी बसावे. इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवून दिले की भारतातल्या चरख्याचा निश्चित म्हणता येईल असा सर्वांत जुना उल्लेख हाच. म्हणजे ज्या यंत्राने या देशातल्या सुताचे उत्पादन कित्येक पटींनी वाढवले, त्याची पहिली नोंद बाईला गप्प बसवायच्या वाक्यात झाली, आणि ती आमच्या दौलताबादच्या परिसरात! बायकांच्या कामाची नोंद कशी होते याचा यापेक्षा चांगला नमुना दुसरा नाही.

सुदैवाने सगळेच इसामी नव्हते. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींनी दखनी बोलीत चक्कीनामे आणि चरखानामे रचले. जात्यावर दळताना, चरख्यावर सूत काढताना बायकांनी म्हणायची गाणी. रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या विजापूरच्या सूफींवरील पुस्तकात या गाण्यांचे महत्त्व दाखवले. खेड्यापाड्यांतल्या घरांत इस्लाम पोचला तो तलवारीने नव्हे किंवा मोठमोठ्या ग्रंथांनीही नव्हे, तर या गाण्यांच्या वाटेने बायकांच्या ओठांवर बसून, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दळणाऱ्या आणि कातणाऱ्या हाताला अल्लाचे नाव जोडून दिले. शेजारी त्याच वेळी जात्यावर ओवी चालू होती. चाल कोणाची कोणी घेतली हा वाद विद्वानांनी घालावा. जाते एकाच घडणीचे होते.

आता पिंजाऱ्यांकडे येऊ, कारण पांघरुणाचा इतिहास त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. कापूस पिंजणारा तो पिंजारी. अरबीत नद्दाफ, आणि दुसरा शब्द हल्लाज. ‘अनल हक’ म्हणणारा मन्सूर, ज्याला ९२२ साली बगदादमध्ये सुळावर चढवले, त्याला हल्लाज म्हणत ते यावरूनच. पिंजाऱ्याचा कापूस त्याने करामतीने क्षणात मोकळा करून दिला अशी कथा फरीदुद्दीन अत्तारांनी सांगितली आहे. आमचे पिंजारी बांधव स्वतःला मन्सुरी म्हणवतात, ते या मन्सूरशी नाते सांगूनच. राजस्थानचे संत दादू दयालही पिंजारी कुळातले मानले जातात. कबीर विणकर, नामदेव शिंपी, दादू पिंजारी. सूत, सुई आणि कापूस या तिन्हींनी या देशाला संत दिले आहेत.

धनुकली खांद्यावर टाकून पिंजारी दारावर यायचा. लांब लाकडी दांडा, त्याला ताणून बांधलेली जनावराच्या आतड्याची तात. लाकडी ठोकळ्याने तातीवर घाव घातला की ती थरथरते आणि तिच्या थरथरीने कापसाचा गठ्ठा मोकळा होऊन उडतो. त्याचा घुमणारा आवाज ज्यांनी लहानपणी ऐकला आहे ते विसरणार नाहीत. रजईत कापूस भरलेला असतो. वापराने तो दबतो, त्याच्या गाठी होतात, ऊब जाते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी रजई उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरावी लागते. रजई पाण्यात घालता येत नाही. म्हणजे रजईचे आयुष्य पिंजाऱ्याच्या फेरीवर अवलंबून. गोधडीचे तसे नाही. तिच्यात कापूस नाही, कापडाचे थर आहेत, टाके जवळजवळ आहेत. ती नदीवर नेऊन आपटून धुता येते. शिवणारी घरचीच, दुरुस्त करणारीही घरचीच. ज्याच्याकडे कापूस भरायला आणि पिंजाऱ्याला द्यायला पैसे होते त्याच्या घरी रजई, नव्हते त्याच्याकडे गोधडी. आमच्या समाजात रजई शरीफांची आणि गुदडी गोरगरिबांची हा भेद इथून आला. आणि गंमत अशी की शरीफांची रजई ज्याच्या हातावर चाले तो पिंजारी स्वतः गोधडीतच झोपे.

पिंजणयंत्र आले, मग फोमच्या गाद्या आल्या, कृत्रिम धाग्यांची ब्लँकेटे आली. गावोगावच्या ‘गादी कारखान्या’च्या पाट्यांवर मन्सुरी, पिंजारी, नद्दाफ ही नावे अजून दिसतात, धनुकली मात्र क्वचित. मंडल आयोगानंतर महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली. शब्बीर अन्सारी, विलास सोनवणे यांनी ती वाढवली, दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले. त्या वेळी आमच्यातल्याच काही प्रतिष्ठितांनी कुरकुर केली की इस्लाममध्ये जातच नाही, मग पिंजारी काय आणि अन्सारी काय! इस्लाममध्ये नाही हे खरेच. पण दाखल्यावर होती, सोयरिकीत होती, आणि पांघरुणातही होती. चळवळीने एवढेच केले की जी जात जगण्यात होती ती हक्क मागताना लपवली नाही.

या पार्श्वभूमीवर भाचीच्या गोधडीचा वाद पाहा. आमच्या मोठ्या भाभींचे म्हणणे, गोधडी द्यायचीच कशाला? मखमलीची रजई द्यावी, सॅटिनची किनार लावून. सासरचे काय म्हणतील? जुनी लुगडी जोडून दिली म्हणून नाव ठेवतील. भाभींच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. आपल्याकडे जहेजमधले अंथरूण-पांघरूण चार लोकांत उलगडून पाहतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण पाहुण्यांच्या मुखातून ऐकायला कोणाला आवडते? पण कोंढव्याच्या तिसऱ्या मजल्यावर पिंजारी कुठून यायचा? दोन वर्षांत रजईचा कापूस दबला की ती माळ्यावर जाणार. देखाव्यापुरती वस्तू द्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

भाचीच्या धाकट्या नणंदेने सुचवले, मधोमध मोठा चांद-तारा करावा, हिरव्या कापडावर पांढरा. आजकाल आपल्या घरांत दारावर, घड्याळात, पडद्यावर चांद-तारा असतो, मग गोधडीवर का नको? मुलगी चुणचुणीत आहे आणि तिच्या मनात श्रद्धा आहे, म्हणून तिला नीट समजावून सांगावे लागले. चांद-तारा हे पैगंबरांच्या काळचे चिन्ह नव्हे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उस्मानी साम्राज्याच्या झेंड्यावरून ते जगभर पसरले आणि मुसलमानांची खूण होऊन बसले. बरे, ज्याला पवित्र मानायचे ते जमिनीवर अंथरायचे, त्यावर लहान मूल मुतणार, पाय पडणार, हे तिलाच पटले नसते. आमच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिला बोललो नाही, इथे लिहितो. १९९२-९३ नंतर आमच्या मुलांना पदोपदी आपली ओळख सिद्ध करावी लागते. बाहेर लपवावी लागते म्हणून घरात ती ठळक केली जाते. हे समजण्यासारखे आहे. पण निदान झोपताना तरी माणसाला काही सिद्ध करायला लागू नये.

तरी चांद-तारा गोधडीवर कुठे नसतोच असे मात्र नाही. गोव्याच्या बंदरातून गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचे वंशज, सिद्दी, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलात राहतात. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. तीही जुन्या कपड्यांची. कडेपासून सुरुवात करून टाके घालत घालत मध्यापर्यंत येतात, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची तिकोनी फुले लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी समजतात. मुसलमान सिद्दी कधी तिच्यात चंद्रकोर घालतात, ख्रिस्ती सिद्दी क्रूस. पण टाका एकच, कडेकडून मध्याकडे. अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या पुढाकाराने २००४ साली या बायकांची सहकारी संस्था सुरू झाली आणि कवंदी परदेशात पोचली. पूर्वेकडे बंगालच्या कांथ्यावर तर जसीमुद्दीन यांनी १९२९ साली ‘नक्षी कांथार माठ’ हे आख्यानकाव्य लिहिले. त्यातली साजू आपले सारे दुःख कांथ्यात भरते आणि तो आपल्या कबरीवर पसरायला सांगते. बंगाली मुसलमानाने गोधडीला महाकाव्याचा विषय केले. आमच्या मराठीत ते काम अजून व्हायचे आहे.

हे सगळे ऐकून आमच्या मेहुणीने कमळाच्या पाकळ्यांचा एक सुंदर गोल नमुना पुढे केला. नमुना खरेच देखणा होता. पण गोल कापले की कापड उभ्या-आडव्या धाग्याला तिरपे जाते, ताणते, धुतल्यावर कडा फुगतात. नव्या कापडात हे झाकते, जुन्यात नाही. चौकोन धाग्याच्या सरळ रेषेत फाडतासुद्धा येतो, कात्री लागत नाही, वाया काही जात नाही. जुन्या बायकांनी चौकोन निवडला तो कलेची समज नव्हती म्हणून नव्हे, विरलेल्या कापडाचा स्वभाव त्यांना ठाऊक होता म्हणून. सत्तरच्या दशकात नायलॉन आणि टेरिकॉटची पातळे आली तेव्हा गोधड्या बिघडल्या त्या यामुळेच. ते कापड थरांत धरून राहत नाही, सरकते, टाका ओढतो, घाम शोषत नाही. चार वेळा धुतलेले सुती लुगडे सुईला लोण्यासारखे लागते, आणि खळ असलेले कोरे कापड बोटाला टोचायला लावते.

शेवटी प्रश्न आला कापडाचा. भाचीच्या नानींच्या मागे त्यांची इरकली लुगडी ट्रंकेत होती. नानी कासोटा न घालता गोल नेसायच्या, गावातल्या इतर मुसलमान बायकांसारख्या. त्यांचे कपडे खैरात करावेत असे एका मामूचे म्हणणे. दुसरे म्हणाले, ठेवायला हरकत नाही. शरीअतप्रमाणे मयताचे कपडेसुद्धा तरक्यात येतात, त्यावर सगळ्या वारसांचा हक्क असतो, एकाने उचलून चालत नाही. लुगड्यासाठी एवढे कशाला, असे वाटेल. पण आम्ही पाचही वारसांना फोन करून विचारले, मुलींनासुद्धा. जमिनीच्या वाटणीत ज्या मामूंनी बहिणींचे नाव घेतले नव्हते, त्यांना लुगड्याच्या वाटणीत घ्यावे लागले. लुगड्यांची चांगली टिकाऊ जोडी गावातल्या दोन विधवांना दिली. जी विरली होती, देण्याजोगी नव्हती, ती गोधडीसाठी ठेवली.

हिशेब असा बसला. नऊवारी लुगडे चारपदरी केले की लांबी सव्वादोन वार होते. पन्हा सव्वा वार. म्हणजे एका लुगड्यात चार थरांची एका माणसाची गोधडी. चारच थर, कारण शहरात धुण्याचे यंत्र आहे. सात थरांची गोधडी भिजली की यंत्र तिला फिरवू शकत नाही आणि बाल्कनीतली दोरी तुटते. वरच्या बाजूला एक वीत लांबी-रुंदीचे चौकोन, पाव वाराचा एक, शिवणीसाठी अर्धे बोट जास्त धरून. लांबीत नऊ, रुंदीत पाच, एकूण पंचेचाळीस. तेवीस नानींच्या गर्द हिरव्या लुगड्याचे, बावीस भाचीच्या अब्बांच्या जुन्या पांढऱ्या सदऱ्यांचे. एक सोडून एक लावले की दोन्ही बाजूंची संख्या विषम असल्यामुळे चारही कोपऱ्यांवर हिरवाच येतो. याहून सोपा नमुना आम्हांला ठाऊक नाही. विनयपिटकातल्या शेतांसारखाच तो दिसतो, हे नंतर लक्षात आले.

टाका धावदोऱ्याचा, तांदळाच्या दाण्याएवढा, कडेपासून आत. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवले की मध्यापर्यंत पंधरा फेरे होतात आणि दोरा साठ-सत्तर वार लागतो. भाभींनी पहिला फेरा घातला, मखमलीचा आग्रह मनात ठेवून का होईना. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला नणंद बसली, तिचे टाके लांब पडले, ते आम्ही उसवले नाहीत. मामूंच्या बहिणींनी चार-चार फेरे घातले आणि त्या वेळी जमिनीचा विषय पुन्हा निघाला. तो अजून मिटलेला नाही. गोधडी मात्र रजबच्या महिन्यात पुरी झाली. मध्यभागी शेवटचा हातभर टाका भाचीसाठी मोकळा सोडला आहे. सुई-दोरा तिथेच खोचून ठेवला आहे.